जप्त कादंबरीची रुजुवात

इयत्ता आठवीच्या भूगोलाच्या पुस्तकात, दख्खनचे पठार संपून मोसमी वारे सुरू होतात त्या ठिकाणी, म्हणजे साधारणपणे जेथे सह्याद्री असावयास हवा तेथे, सोनेरी केसांच्या दोन मुली एका गोल चौकटीतून माझ्याकडे पाहून हसत असलेल्या आढळल्या, तो दिवस बुधवार, १७ ऑगस्ट १९८८ हा होता. तारीख इतक्या नेमकेपणाने सांगता येते याचे कारण असे की, महसूल खात्यात अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावर ज्याची हाडे झिजली आहेत त्या माणसाने एकदा एखादी वस्तू ताब्यात घेतली की, ती घरातली असो वा दारातली, तिच्यावर वार, तारीख आणि संक्षिप्त सही घातल्यावाचून त्याच्या जिवाला स्वस्थता लाभत नाही. भूगोलाचे पुस्तक अर्थातच कन्येचे होते आणि त्याच्या पोटात दडविलेले पुस्तक इंग्रजी होते. नाव ‘डबल लव्ह’. एकेरी प्रेमाच्या धास्तीने ज्या घरात सिनेमाची मासिकेसुद्धा रद्दीच्या वाटेने आत येत आणि त्याच वाटेने बाहेर जात, त्या घरात हे दुहेरी प्रेम सह्याद्रीच्या जागेवर अतिक्रमण करून बसले होते.

त्या वेळी झालेली जबानी थोडक्यात अशी. “हे काय आहे?” “पुस्तक.” “कुणाचं?” “लायब्ररीचं.” “कसलं?” यावर आरोपीने मौन धरले, आणि मौन हीच कबुली असा जो एक अलिखित दंडक घराघरांतून चालत आलेला आहे त्याला अनुसरून मी मुद्देमाल जप्त केल्याचे जाहीर केले. “बाबा, शेवटची दहाच पानं राहिली आहेत हो!” असा एक क्षीण तोंडी अर्ज झाला, “ती लग्न झाल्यावर वाच,” असा शेरा मारून मी तो तेथल्या तेथे निकालात काढला. पुस्तक आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत गेले, आणि सरकारी काय किंवा घरगुती काय, जप्त मालाचे पुढे जे होत असते तेच त्याचे झाले. म्हणजे काहीही झाले नाही. कन्या बी. एस्‌सी. झाली, तिचे लग्न झाले, ती कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेली, तिला मुलगी झाली, ती मुलगी दहावीत गेली. आणि ती दहा पाने छत्तीस वर्षे ट्रंकेतच राहिली.

२०२४ च्या पावसाळ्यात आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची ठरली, तेव्हा ती ट्रंक उघडण्याचा प्रसंग आला. आजोबांच्या कुलकर्णी वतनाच्या कागदांच्या नकला, रॉकेलचे रद्द झालेले परवाने, आमच्या कुटुंबाने १९७६ पासून एकही महिना न चुकविता लिहिलेल्या घरखर्चाच्या वह्या, आणि या सर्वांच्या तळाशी, कसरीने केवळ एका कोपऱ्याची चव घेऊन सोडून दिलेले ते पुस्तक. योगायोग असा की, त्याच सुमारास, जुलैच्या अखेरीस, या पुस्तकमालेच्या जनक फ्रान्सिन पास्कल न्यूयॉर्क येथे निवर्तल्याचे वृत्त मी वाचले होते. मालक मृत, मुद्देमाल पडून, आणि जप्ती करणारा अंमलदार सेवानिवृत्त: अशा स्थितीत प्रकरण बंद करण्यापूर्वी मालाची एकदा तरी तपासणी व्हावयास हवी होती, कारण आपण आपल्या मुलीला नेमके कशापासून वाचविले हे मला आजतागायत ठाऊक नव्हते. चोराला पकडावे, छत्तीस वर्षे कोठडीत ठेवावे, आणि त्याने काय चोरले हे विचारावयाचेच राहून जावे, असा हा प्रकार होता.

मी दार लोटून घेतले. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दार लोटून इंग्रजी प्रेमकथा वाचणाऱ्या पतीविषयी पत्नीला जे वाटावयाचे ते आमच्या कुटुंबाला वाटले असावे, ती एकदा आत डोकावली, मुखपृष्ठ पाहिले, “अगबाई, हे अजून आहे होय?” एवढेच म्हणाली आणि गेली. त्या ‘अजून’ या शब्दावर मी त्याच वेळी विचार करावयास हवा होता. पण माझे लक्ष अनीतीकडे लागलेले होते.

आता प्रांजळपणे सांगतो, इतका अपेक्षाभंग मला निवृत्तिवेतनाच्या पहिल्या हिशेबानेही केला नव्हता. अनीती नाही! पावणेदोनशेच्या वर पाने मी चष्मा पुसपुसून वाचली. प्रणयाची मजल एका चुंबनापलीकडे जात नाही, आणि तेही अखेरीस, सर्व गैरसमजांची कायदेशीर वासलात लागल्यानंतर. जो ग्रंथ मी छत्तीस वर्षे विषाच्या कुपीसारखा कुलपात ठेवला होता त्यात विष तर नव्हतेच, पण गुळाचे पाणीसुद्धा पुरते गोड नव्हते. माणसाने जन्मभर एखाद्या भुताला भ्यावे आणि अखेर दिवा नेऊन पाहावे तो खुंटीवरचा सदरा निघावा, यात सुटकेचा आनंद असतो असे म्हणतात. मला तर त्या सदऱ्याचाच राग आला.

या मालेची जन्मकथा मात्र कादंबरीहून रंजक आहे. मोठ्या माणसांसाठी दूरचित्रवाणीवर ‘डॅलस’सारखी न संपणारी कौटुंबिक कारस्थाने चालतात, तशी किशोरवयीनांसाठी पुस्तकांत का चालू नयेत, या प्रश्नातून पास्कलबाईंनी दक्षिण कॅलिफोर्नियात ‘स्वीट व्हॅली’ नावाचे एक गाव वसविले आणि १९८३ मध्ये ‘स्वीट व्हॅली हाय’ या शाळेची पहिली कादंबरी निघाली. ती म्हणजेच आमचा मुद्देमाल. पात्रे, घराणी, वैरे आणि कथानकाचे आराखडे बाईंचे. प्रत्यक्ष लेखन वेगवेगळ्या भाडोत्री लेखण्यांचे. आणि मुखपृष्ठावर लेखिका म्हणून नाव केट विल्यम या बाईंचे, की ज्या बाई मुळात अस्तित्वातच नव्हत्या. ज्या अंमलदाराच्या सहीने शेकडो आदेश सुटले त्याची नेमणूकच कधी झालेली नव्हती, असे आमच्या कचेरीत उघडकीस आले असते तर विधानसभेत प्रश्न विचारला गेला असता. तिकडे मात्र मुख्य मालेचीच १४३ पुस्तके निघाली, शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीचे जाडजूड विशेष अंक वेगळे, आणि सर्व मिळून खपाचा आकडा वीस कोटींच्या वर गेल्याचे सांगतात. आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण त्या बिचाऱ्यांनी स्वतःच्या मनगटाने लिहिल्या. कारखाना काढावा हे त्यांना सुचले नाही.

कादंबरीच्या नायिका दोन. एलिझाबेथ आणि जेसिका वेकफील्ड, वय सोळा, जुळ्या. पहिल्याच काही पानांत त्यांचे वर्णन येते, आणि सेवापुस्तकातील ‘ओळखीच्या खुणा’ हा रकाना भरण्यात ज्याची हयात गेली त्याच्या हाताला ते वाचताना आपोआप लेखणीची आठवण होते: उंची पाच फूट सहा इंच, केस सोनेरी व उन्हाने उजळलेले, डोळे प्रशांत महासागराच्या पाण्याच्या रंगाचे, डाव्या गालावर खळी, गळ्यात सोन्याची साखळी, आणि कपड्यांचे माप सहा नंबर, जे लेखिकेच्या मते परिपूर्णतेचे माप होय. हे सर्व उत्तम. पण हाच मजकूर दोघींच्याही नावापुढे शब्दशः लागू असल्यामुळे ओळख पटविण्याच्या कामी तो काडीइतकाही उपयोगी पडत नाही. फरक एवढाच की थोरली मनगटावर घड्याळ बांधते आणि धाकटी बांधत नाही, कारण आपण पोहोचल्यावाचून कशाचाही आरंभ होऊ शकत नाही अशी तिची समजूत आहे. थोरली धाकटीपेक्षा चार मिनिटांनी मोठी. या चार मिनिटांच्या वडीलपणाची किंमत तिला जन्मभर मोजावी लागते: क्षमा करणे, खोटे निस्तरणे आणि भांडी घासणे ही सर्व कामे तिच्याकडे, आणि उपभोग सारे धाकटीकडे. आमच्या एकत्र कुटुंबातून थोरल्या भावांची जी दशा मी पाहिली आहे तिच्याशी हे इतके जुळते की, या एका मुद्द्यावर मी लेखिकेला पूर्ण गुण देतो.

शाळेचे स्वरूप काय म्हणावे? पुस्तके ठेवावयास प्रत्येकाला कुलपाचे कपाट असते, पण पुस्तके कोणी काढताना दिसत नाही. घंटा होते ती तास सुरू करण्यासाठी नव्हे, तर संभाषण अर्ध्यावर तोडण्यासाठी. खरा कारभार चालतो तो उपाहारगृहात. तेथे कोण कोणत्या मेजावर बसते याला पेशव्यांच्या दरबारातील बैठकीच्या क्रमाइतके महत्त्व आहे, आणि मानाच्या मेजावर नुसते उभे राहून बोलावयास मिळणे ही खिलतीची वस्त्रे मिळण्यासारखीच गोष्ट आहे. गावात दोन बडी घराणी: डबाबंद खाद्यपदार्थांच्या जुन्या व्यवसायावर गब्बर झालेले पॅटमन आणि संगणकाच्या नव्या धंद्यावर वर आलेले फाउलर. जुना देशमुख नव्या इनामदाराकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने पॅटमन फाउलरांकडे पाहतात. पॅटमनांचे चिरंजीव ब्रूस काळ्या पोर्शे मोटारीतून शाळेत येतात, आणि मोटारीच्या नोंदणीच्या पाटीवर आकड्यांऐवजी स्वतःचेच नाव मिरवितात. तिकडच्या परिवहन खात्याने ते चालवून घेतले आहे.

आणि या सर्वांची जी एकच मिळकत, जिच्यासाठी कट, मसलती आणि तहनामे होतात, ती म्हणजे लोकप्रियता. माझी निराशा जर कोठे खरोखरीची असेल तर ती या ठिकाणी आहे. मी मनाशी म्हटले, ठीक आहे, अनीती नाही तर नाही; पण लोकप्रियता कशी संपादन करतात एवढे तरी कळेल, कारण चौतीस वर्षांच्या नोकरीत मला ती कधी साधली नाही. कचेरीत माझे मेज कोपऱ्यात होते आणि चहाच्या वेळी त्याच्याभोवती कोणी जमत नसे. पण कादंबरी शेवटपर्यंत हे सांगतच नाही! जेसिका लोकप्रिय आहे, कारण ती जेसिका आहे. हे तर शुद्ध वतन झाले. आणि वतनाचा कायदा मला कोणी शिकवावयास नको. पाटलाला वतन असे, पण त्याच्याकडे वसुलाची जोखीम असे. कुलकर्ण्याला वतन असे, पण त्याला गावचे दप्तर लिहावे लागे. आमच्या आजोबांचे वतन मुंबई सरकारने १९५० च्या कायद्याने खालसा केले ते, आता या चाकरीची गरज उरली नाही, या तत्त्वावर. जेसिकाच्या वतनाला चाकरीच नाही, मूळ सनद नाही, आणि तरीही ते पिढ्यान्‌पिढ्या, म्हणजे सत्रामागून सत्र, बिनबोभाट चालू. अमेरिकेसारख्या लोकशाही देशात, जेथे राजाला हाकलून लावल्याचा उत्सव दर वर्षी जुलैमध्ये दारूकाम करून साजरा होतो, तेथे शाळाशाळांतून राजा आणि राणी निवडण्याची प्रथा आहे, त्यांच्या डोक्यावर मुकुट चढवितात, आणि ही निवड मतदानाने करतात! मतपेटीतून राजेशाही काढण्याची ही युक्ती आमच्या संस्थानिकांना वेळेवर सुचती तर विलीनीकरण टळले असते.

या वतनाची शास्त्रशुद्ध चौकशी अमेरिकेत झालेली नाही असे मात्र नव्हे. जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने इलिनॉय राज्यातील दहा शाळांतून प्रश्नपत्रिका भरवून घेतल्या आणि १९६१ मध्ये जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की, पोरांच्या दरबारात मैदान गाजविणाऱ्याला जो मान आहे तो अभ्यासात चमकणाऱ्याला नाही, आणि मुलींच्या बाबतीत तर हुशारीपेक्षा लोकप्रियता स्वतःच एक पदवी आहे. हा ग्रंथ रुक्ष खरा. पण त्यात चाकरी तरी लिहिलेली आहे. कादंबरीतील नायक टॉड विल्किन्स हा याच निष्कर्षाचा चालताबोलता दाखला होय. तो बास्केटबॉल खेळतो. याखेरीज त्याच्याविषयी सांगण्यासारखे लेखिकेजवळही काही नाही.

या टॉडवर दोघी बहिणींचे मन जडते: वादी दोन, मिळकत एक, आणि मिळकतीला स्वतःचे मत नाही. पुढे जे घडते ते मी चौकशी अधिकाऱ्याच्या नजरेने वाचले आणि मला घाम फुटला. जेसिका रिक नावाच्या एका वाह्यात तरुणाबरोबर दारूच्या गुत्त्यात जाते, तेथे मारामारी होते, पोलीस शिपाई तिला पकडतो आणि “तू एलिझाबेथ वेकफील्ड ना?” अशा अर्थाची पृच्छा करतो. ही नाकारीत नाही. झाले! एवढ्यावर शिपाई समज देऊन तिला सोडतो. पंचनामा नाही, जबाबावर सही नाही, अंगठा नाही, जुळी बहीण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असताना ‘दोघींपैकी कोणती’ हा साधा प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी शाळाभर एलिझाबेथची बेअब्रू होते, आणि ज्या टॉडचे तिच्यावर जिवापाड प्रेम आहे तोही या ऐकीव पुराव्यावर तिला दोषी ठरवितो. एलिझाबेथनेही “साहेब, त्या रात्री मी घरी होते, आईला विचारा,” एवढे एक वाक्य उच्चारले असते तर प्रकरण तेथेच मिटते, आणि पुस्तकही. म्हणून ती ते उच्चारीत नाही. आमच्या फडक्यांच्या नायिकाही गैरसमज करून घेत, पण निदान त्यासाठी एखादे पत्र चुकीच्या हाती पडण्याची व्यवस्था करीत.

अखेरीस तोच रिक झिंगलेल्या अवस्थेत दोघींना मोटारीत घालून पळवितो, टॉड पाठलाग करून त्यांना सोडवितो, सत्य उजेडात येते. धाकटीला शिक्षा काय? शाळेच्या वर्तमानपत्रात कुचाळक्यांचे एक निनावी सदर येत असते. ते कोण लिहिते हे फुटले की लेखकाला कपड्यांसकट तलावात टाकण्याची तेथे परंपरा आहे. ते सदर थोरली लिहिते, पण ती युक्तीने धाकटीला पुढे करते, आणि धाकटी पाण्यात पडते. खोटी ओळख सांगून केलेल्या गुन्ह्याला खोट्या ओळखीनेच शासन. न्याय म्हणून हे बरे आहे. फक्त कन्येची जी दहा पाने राहिली होती ती हीच होत, आणि ती लग्नानंतरच वाचावीत असे त्यांत काहीही नाही.

पण हे सारे मी क्षमा केले असते. एक गोष्ट मात्र क्षमा करवत नाही. पुस्तकाच्या मध्यावर, मी जांभई आवरीत असताना, एकाएकी एक वाक्य आले आणि मी ताठ बसलो: शाळेच्या फुटबॉलच्या मैदानाचा भाडेपट्टा संपलेला आहे! फाउलरांना त्या जमिनीवर कारखाना काढावयाचा आहे. पॅटमन म्हणतात, नव्हे, तेथे पूर्वी असे तसे इंग्रजी पद्धतीचे उद्यान करावयाचे. आणि शाळेच्या बाजूने उभे आहेत साक्षात जुळ्यांचे तीर्थरूप, नेड वेकफील्ड, वकील. माझा आनंद गगनात मावेना. अखेर या गावात एक खरा प्रश्न निघाला! मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. क्षेत्र किती? मूळ पट्टा किती वर्षांचा आणि कोणी कोणाला करून दिला? नूतनीकरणाची अट होती काय? सार्वजनिक वापराची वहिवाट सिद्ध होते काय? नुसते औद्योगिक वापराला बिगरशेतीची परवानगी लागते म्हटले तरी आमच्या कचेरीत तीन फायली आणि चार वर्षे सहज निघाली असती. दोन धनाढ्य घराणी, एक सार्वजनिक मैदान आणि मुदतबाह्य पट्टा एवढ्या भांडवलावर एखाद्या व्यंकटेश माडगूळकरांनी अख्खे गाव उभे केले असते. आणि लेखिका काय करते? वडील या दाव्याच्या कामासाठी एका सहकारी वकीलबाईंबरोबर उशिरापर्यंत बसतात म्हणून मुलींना त्यांच्या वर्तनाचा संशय येतो, एवढ्यापुरताच तो दावा! निकाल शाळेच्या बाजूने लागला हे आपल्याला जाता जाता कळते. निकालपत्र नाही, कारणमीमांसा नाही. टॉडने जेसिकाच्या गालाचे घेतलेले निरुत्साही चुंबन सविस्तर, आणि मैदानाचा निकाल उडत उडत. मी पेन्सिल खाली ठेवली. पानाच्या समासात ‘कागदपत्रे जोडली नाहीत’ असा शेरा मात्र मारून ठेवला आहे.

केवळ एका पुस्तकावरून मालेचा निकाल करू नये, म्हणून मी कन्येकडून इतर भागांचीही माहिती मागविली. चौथ्या भागात रॉबिन नावाची एक लठ्ठ मुलगी आहे. तिला मुलींच्या एका मानाच्या मंडळात प्रवेश हवा असतो. जेसिका तिच्याकडून मैदानाच्या फेऱ्या काय, ब्रूसला नाचासाठी बोलावणे काय, नाना परीक्षा करवून घेते, ब्रूस तिला भर नाचात टाकून जातो, आणि अखेर मंडळ तिला काळे मत देऊन नाकारते. मग रॉबिन उपाशी राहून, धावून धावून सडपातळ होते आणि तिला शाळेच्या सौंदर्यस्पर्धेचा मुकुट मिळतो. याला लेखिका सुखान्त समजते. हे ऐकताना माझा विनोद आटला हे मी कबूल करतो; तेरा वर्षांच्या मुलीने वाचू नये असे या मालेत काही असलेच तर ते येथे होते, आणि मी जप्ती केली होती भलत्याच भागाची.

नातीला मी दूरध्वनीवर साक्षीला बोलाविले, कारण ती प्रत्यक्ष कॅलिफोर्नियातील शाळेत शिकते. “तुमच्या शाळेत लोकप्रिय कोण आहे?” तिने पुष्कळ विचार केला. “आजोबा, दोन हजार मुलं आहेत. पॉप्युलर कोण ते मला खरंच माहीत नाही. मी रोबोटिक्सवाल्यांबरोबर जेवते.” “आणि ते मुलींचे मानाचे मंडळ?” “ते कॉलेजात असतं, आजोबा. शाळेत कुठे?” मी शोध घेतला, तो पोरीचे म्हणणे बरोबर निघाले, कॅलिफोर्नियातील सरकारी शाळांत असल्या गुप्त मंडळांना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच कायद्याने बंदी झालेली होती आणि १९१२ मध्ये ती न्यायालयानेही उचलून धरली. म्हणजे जिच्या सभासदत्वासाठी रॉबिनने अन्न सोडले ती संस्था मुळात बेकायदेशीर जमाव होती, आणि वकील नेड वेकफील्ड यांच्या दोन्ही मुली तिच्या सभासद होत्या! बापाने घरातल्या घरात डोळे मिटले आणि मैदानाचा दावा लढविला. असे वकील आमच्याकडेही पाहिले आहेत.

आणखी एक नोंद. २००८ मध्ये ही पुस्तके पुन्हा छापली तेव्हा काळानुरूप फेरफार करण्यात आले: जुळ्यांची लाल फियाट जाऊन जीप आली, आणि कपड्यांचे परिपूर्ण माप सहाचे चार झाले. फेरफार नोंदविताना हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते आणि हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवावी लागते. कोट्यवधी वाचकांपैकी ज्यांनी सहा नंबरात मावण्यासाठी उपास काढले त्यांना कोणी नोटीस दिली काय? मोटार बदलली ते एक असो.

तपासणी संपली. मालात आक्षेपार्ह काही न आढळल्यामुळे तो मूळ मालकास परत करणे प्राप्त होते, आणि मूळ मालक होती गल्लीच्या तोंडाशी असलेली ती लायब्ररी. आतल्या पानावरील शिक्क्यात परतीची तारीख २० ऑगस्ट १९८८ होती आणि विलंब-आकार रोज २५ पैसे. मी हिशेब केला: २० ऑगस्ट २०२४ पर्यंत, नऊ लीप वर्षे धरून, दिवस १३,१४९, आकार रुपये ३,२८७ आणि पैसे २५. पाकिटात रोख रक्कम घालून, पुस्तक पिशवीत टाकून मी तेथे गेलो. लायब्ररीच्या जागी मोबाईलची आवरणे विकणारे दुकान आहे. दुकानदार भला माणूस. त्याने पुस्तक उलटेपालटे करून पाहिले आणि हे कोणत्या मॉडेलला बसते असे विचारले.

रात्री मी कन्येला फोन करून सर्व वृत्तान्त सांगितला, शेवटच्या दहा पानांबद्दल औपचारिक दिलगिरीही व्यक्त केली. पलीकडून हसण्याचा असा काही आवाज आला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. “बाबा, ती दहा पानं मी दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीच्या घरी वाचली. आणि लायब्ररीचे पैसे आईनं तेव्हाच भरले. तुम्हांला माहीत नाही?”

मी ट्रंकेतून घरखर्चाची १९८८ ची वही काढली. शनिवार, २० ऑगस्ट. भाजी, दळण, दूध. आणि त्याखाली कुटुंबाच्या अक्षरात, ‘किरकोळ, ४० रुपये’. त्या महिन्याच्या अखेरीस एकूण बेरजेच्या खाली, लाल शाईत, ‘तपासले, बरोबर आहे’ असा शेरा होता, आणि त्याच्यापुढे माझी संक्षिप्त सही.